मुकी मोरेना

१

"बाई, मोरेनाची शिट्टी गेली! आणि माझ्या नवऱ्याला कोळशाच्या खोलीत कोंडलंय!"

फेलिसा दारातूनच ओरडली, तेव्हा डोन्या पेत्रोनिला सान हुआनच्या सणाचे मक्याचे वडे तळत होती. तिने आधी कढईतला घाणा काढला, दोन गरम वडे फेलिसाच्या हातात कोंबले आणि मग म्हणाली, "खा आधी. रडणाऱ्या माणसाचं मला अर्धंच कळतं."

पेत्रोनिलाचा नवरा किल्यापांपा गावाचा कमिसार, म्हणजे फौजदार होता. तो वारला तेव्हा राजधानीला कळवायला हवं होतं. पण गावातली मयतं कळवायचं काम कमिसारचं, आणि इथे कमिसारच वारलेला. म्हणून ते राहून गेलं ते गेलंच. चौकीच्या चाव्या पेत्रोनिलाच्या कमरेला राहिल्या, भांडणं घेऊन लोक तिच्याच ओसरीवर येऊ लागले, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यापेक्षा ती या कामाला कितीतरी उजवी निघाली. नवरा बिचारा चोराला पाहून आधी स्वतःच घाबरायचा.

फेलिसाने वडे खाल्ले, डोळे पुसले आणि सांगितलं ते असं.

मोरेना म्हणजे आल्तामार्का देशाचं पहिलं आगगाडीचं इंजिन. काळं कुळकुळीत, म्हणून लोकांनी नाव ठेवलं मोरेना, सावळी. किनाऱ्यावरून ती सुट्या भागांत, खेचरांच्या आणि माणसांच्या पाठीवरून घाट चढून आली. फेलिसाचा नवरा कासिमिरो याने परदेशी इंजिनियर पिकरिंगसाहेबांच्या हाताखाली खपून ती जुळवली. आज तिने पहिल्यांदा आग पोटात घेऊन रिओसेको गावापर्यंत धावायचं होतं. तिथे मंत्रीसाहेब खुर्ची टाकून बसले होते. सूर्य मावळायच्या आत गाडी आली नाही, तर हे रेल्वेचं खूळ गुंडाळून ते परत जाणार होते.

आणि कासिमिरोचं सगळं आयुष्य याच एका फेरीवर टांगलेलं. आल्तामार्कात जमीन धन्याची, आणि जमिनीवर जन्मलेली माणसंही धन्याचीच. कासिमिरो डॉन एव्हारिस्तो व्हिल्यारोयांचा, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात राबणारी फेलिसाही त्यांचीच. कासिमिरो त्यांनी रेल्वेला उसना दिला होता, शेजाऱ्याला कुऱ्हाड द्यावी तसा. पण नव्या राष्ट्राध्यक्षांनी कायदा केला होता, की राष्ट्राचं इंजिन जो हाकील तो राष्ट्राचा माणूस, त्याच्यावर कुठल्या धन्याचा हक्क नाही. मोरेना रिओसेकोला पोचली की कासिमिरो सुटला. नाही पोचली तर परत धन्याच्या शेतावर, आणि आता वर चोराचा शिक्का.

"शेडची चावी त्याच्याकडेच होती ना गं?" पेत्रोनिलाने विचारलं.

"म्हणून तर साहेबांनी त्यालाच धरलंय."

पेत्रोनिलाने चुलीतला जाळ ओढून घेतला, वड्यांचं टोपलं उचललं आणि निघाली. रिकाम्या हाताने आणि रिकाम्या पोटी तिने आजवर एकही चोर पकडला नव्हता.

२

पिकरिंगसाहेब शेडमध्ये तांबडेलाल होऊन फेऱ्या मारत होते.

"नियम म्हणजे नियम, मॅडम! भोकाला बूच मारता येईल, पण शिट्टीशिवाय गाडी रुळावर हलवायची नाही. वाटेत गुरं असतात, माणसं असतात!"

"बरोबर आहे तुमचं. वडा घ्या," पेत्रोनिला म्हणाली आणि शिडीवरून इंजिनच्या पाठीवर चढली. खालून फेलिसाने शिडी धरली.

मोरेनाच्या पाठीवर पितळेच्या दोनच गोष्टी ताठ उभ्या असायच्या. उजवीकडे वाफ जास्त झाली तर सोडून देणारी झडप, आणि डावीकडे शिट्टी. झडप जागेवर चकाकत होती. डावीकडे नुसतं भोक होतं.

"शिट्टी जोराने आवळली नव्हती का?" तिने वरूनच विचारलं.

कोळशाच्या खोलीच्या फटीतून कासिमिरोचा आवाज आला. "नाही बाई! हातानेच फिरवून ठेवली होती. आज सकाळी पान्याने आवळणार होतो. कुणीही काढली असती!"

"कुणीही नाही," साहेब म्हणाले. "शेडला कुलूप होतं. आणि ते भोकातलं बघा! आत राख टाकलीय, राख! बॉयलर बिघडवायला!"

पेत्रोनिलाने बोट घातलं. राख होती खरी, पण आत नव्हती. भोकाच्या कडेने सारखी लावलेली होती, हलक्या हाताने, आणि वर धुतलेल्या मेंढीच्या लोकरीचा एक मऊ बोळा बसवलेला होता. आत चिमूटभरही सांडलेली नव्हती.

तिने तो बोळा नाकाशी नेला, तळहातावर उलटसुलट करून पाहिला. हे कुठेतरी पाहिलेलं होतं. कुठे, ते काही केल्या आठवेना.

"साहेब, तुम्हाला कुणाचं वाईट करायचं असतं, तर तुम्ही काय फोडलं असतं?"

"काच! पाण्याची पातळी दाखवणारी काच! एक हातोडा मारला की संपलं. किंवा ही झडप. ती नसली तर बॉयलरच उडेल."

काचेवर ओरखडासुद्धा नव्हता. मोरेनाचं वाईट करायला आलेला माणूस तिची एवढी काळजी घेऊन गेला होता, की पेत्रोनिलाला त्याचं कौतुकच वाटलं.

"आग पेटवा," ती खाली उतरून म्हणाली. "पाणी तापायला अर्धा दिवस लागतो ना? वाफ धरायच्या आत शिट्टी आणून देते."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर तुमच्या त्या आगीवर माझे उरलेले वडे तळू. पण कासिमिरोला बाहेर काढा. तुम्ही कोळसा टाकणार आहात का त्या पांढऱ्या कॉलरमध्ये?"

३

गावात पहिलं बोट निकानोरकडे गेलं. निकानोर खेचरवाल्यांचा म्होरक्या. आगगाडी धावली की त्याची खेचरं बसून खाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. शिवाय तो पिऊन चारचौघांत म्हणालाही होता, की त्या काळीला मी एक दिवस दरीत ढकलीन.

तो तबेल्याबाहेर एका खेचराच्या शेपटीत सणाची रंगीत फीत गुंफत होता.

"या वहिनी! बेड्या आणल्या का नुसतेच वडे?"

"आधी वडे. बेड्यांचं तुझ्या उत्तरावर."

"अहो, त्या काळीचा बॉयलर घाटातून कुणी आणला? या निकानोरने! खाली अशी दरी, की बघितलं तरी पोटात गोळा यावा. नुसता एक दोर सोडला असता तर झालं असतं काम. तेव्हा नाही सोडला, आणि आता चोरासारखा शिट्टी पळवू? मी शिव्या देतो, वहिनी. शिव्या देणारा माणूस बाकी काही करत नाही, आमचे कमिसारदादा नेहमी म्हणायचे."

"ते म्हणायचे, कारण त्यांना तुला पकडायचा कंटाळा होता," पेत्रोनिला हसली. पण मनातल्या मनात तिने त्याला सोडून दिलं. शिवाय निकानोर किनाऱ्यावर जाऊन-येऊन होता. तिथल्या आगगाड्या त्याने पाहिल्या होत्या.

"शिट्टी ऐकलीयेस तू कधी?"

"ऐकलीय म्हणजे! पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझी खेचरं दुसऱ्या गावात सापडली. इथे कुणाला नाही माहीत. इथल्या लोकांना काय, दोन पितळी शिंगं दिसतात नुसती." त्याने फीत ओढून गाठ मारली. "आज वाड्यावर जेवायला येणार ना? डॉन एव्हारिस्तोंनी मोठा घाट घातलाय. मक्याच्या दारूचे रांजण भरलेत, गोठ्यात हिरव्या फांद्या लावल्यात, खुणेची पंगत आहे म्हणे."

"खुणेची? वासरांच्या कानखुणा तर त्यांनी गेल्या आठवड्यातच उरकल्या."

"तेच म्हणतो मी! गुराखी तोरिब्योने मागणंसुद्धा घेतलं. आणि मागून मागून काय मागितलं गाढवाने, तर धन्याची जुनी हॅट! वासराला वाढवणाऱ्याने खुणेच्या दिवशी काहीही मागावं, धन्याला नाही म्हणता येत नाही, आणि हा हॅट मागतो. मी असतो तर वाडाच मागितला असता."

पेत्रोनिलाचा वडा हातातच राहिला.

कानखूण. व्हिल्यारोयांच्या गुरांचा डावा कान कापतात. कापला की रक्त थांबायला कडेने राख लावतात, आणि वर मऊ लोकरीचा बोळा ठेवतात. कापलेला कान गोठ्याच्या मधोमध पुरतात.

"अगं बाई!" ती म्हणाली आणि टोपलं तिथेच टाकून वाड्याकडे चालू लागली.

४

डॉन एव्हारिस्तो अंगणात आरामखुर्चीत बसून मिशांना तेल लावत होते. माणूस मनाने वाईट नव्हता, पण जगातली प्रत्येक गोष्ट आपली आहे, किंवा लवकरच होणार आहे, असं समजून वागणारा होता. आज तर त्यांची कळी भलतीच खुललेली.

"या, या, पेत्रोनिलाबाई! तुमचा तो चोर सापडला का?"

"शोधतेय, धनी. शिट्टी नाही म्हणून मोरेना जागची हलणार नाही."

मिशीवरचा हात थांबला. "हलणार नाही? का बरं? चाकं आहेत की!"

"चाकं आहेत. पण शिट्टी नाही."

"शिट्टीचं मला काय ठाऊक? पण चालायला शिट्टी कशाला लागते? माझी घोडी कुठे शिट्टी मारते?" त्यांचा चेहरा अगदी खरा गोंधळलेला होता. चोराच्या चेहऱ्यावर असा गोंधळ पेत्रोनिलाने कधी पाहिला नव्हता.

"शेडची दुसरी चावी तुमच्याकडे असते ना?"

"माझ्या जमिनीवरच्या प्रत्येक दाराची चावी माझ्याकडे असते. त्यात विचारायचं काय!"

"काहीच नाही. जरा गोठा बघून येते, फांद्या छान लावल्यात म्हणे."

गोठ्यात म्हातारा तोरिब्यो डोक्यावर धन्याची जुनी हॅट घालून, मधोमध नुकतीच उकरलेली माती पायाने दाबत होता. पेत्रोनिला त्याच्याजवळ उकिडवी बसली. ती अगदी हळू, आजारी माणसाची चौकशी करावी तशी म्हणाली, "तोरिब्योदादा, रक्त आलं का हो?"

"छे हो बाई!" तोरिब्योचा चेहरा उजळला. "थंडगार होती बिचारी, हूं की चूं केलं नाही! फिरवला आणि निघाला कान. तरी मी राख लावली, बोळा ठेवला. मुकं जनावर, उगाच चिघळायला नको."

आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने दोन्ही हातांनी हॅट तोंडावर ओढून घेतली.

५

जेवणाच्या आधीच अख्खं गाव गोठ्यात जमलं. पिकरिंगसाहेब आले, निकानोर आला, स्वयंपाकघरातून हात पुसत फेलिसा आली, आणि तोंडभर काजळी घेऊन कासिमिरो.

"सांगते," पेत्रोनिला म्हणाली. "मोरेनाला बंद पाडायचं असतं तर काच फोडली असती, झडप नेली असती. चोराने ते केलं नाही, म्हणजे त्याला ती धडधाकट हवी होती. दोन पितळी कानांतला डावाच काढला, कारण व्हिल्यारोयांची खूण डावीकडे असते. जखम समजून राख लावली, म्हणजे त्याने शिट्टी कधी ऐकलेलीच नाही. दार तोडलं नाही, म्हणजे चावी होती. आणि वासरांच्या खुणा उरकल्यावर पुन्हा खुणेची पंगत कुणाची, तर तिची. हो की नाही, धनी?"

डॉन एव्हारिस्तो उठून उभे राहिले. लाजणं त्यांच्या घराण्यातच नव्हतं.

"हो! आणि मी ते पंगतीत सांगणारच होतो! सान हुआनच्या सकाळी माझ्या जमिनीवर बिनखुणेचं जनावर सापडलं तर खूण करून ते माझं. पणजोबांपासूनची रीत आहे. उद्यापासून आगगाडी व्हिल्यारोयांची! सगळे म्हणतात मी जुनाट, मी जुनाट. घ्या, मीही आधुनिक झालो!" मग कासिमिरोकडे बघून ते म्हणाले, "आणि इंजिन राष्ट्राचं नाही म्हटल्यावर तूही सुटत नाहीस. माझं इंजिन, माझाच माणूस. कसं?"

फेलिसाने तोंडाला पदर लावला.

"वा!" पेत्रोनिला म्हणाली. "फक्त तो कान नव्हता, धनी. ते तिचं तोंड होतं. आरोळी मारायचं. तुम्ही तिला मुकी केलीत, आणि मुकी ती चालत नाही. साहेब, चालते का?"

"मुळीच नाही!" पिकरिंगसाहेब गरजले. "नियम!"

"म्हणजे ते जमिनीत राहिलं तर मोरेना जागची हलायची नाही. न हलणारं जनावर म्हणजे मेलेलं. आणि मेलेलं जनावर धन्याने सूर्य मावळायच्या आत पुरायचं, हीही पणजोबांपासूनचीच रीत ना? निकानोर, केवढा खड्डा लागेल?"

"वहिनी, पुढच्या सणापर्यंत खणावं लागेल!" निकानोर म्हणाला, आणि सगळा गोठा खदखदून हसला. पिकरिंगसाहेबसुद्धा हसले.

डॉन एव्हारिस्तोंनी बाहेर शेडच्या दिशेने पाहिलं. तेवढ्या मोठ्या लोखंडाची अंत्ययात्रा त्यांच्या डोळ्यांसमोर आली असावी. "उकर रे," ते तोरिब्योला पुटपुटले. "उकरला की खूण मोडली. झालं. संपला विषय."

तोरिब्योने हातांनी माती सारून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेब तिला छातीशी धरून पळतच सुटले.

"संपला कसा?" पेत्रोनिला म्हणाली. "खूण तर झाली होती. मग मोरेनाला वाढवणाऱ्या कासिमिरोचं मागणं?"

"खूण मोडली ना!"

"खुणेनंतर वासरू मेलं म्हणून गुराख्याला दिलेलं तुम्ही कधी परत घेतलंत का?" ती दोन पावलं पुढे गेली. तिचा आवाज अजूनही गोडच होता. "नको असेल तर नका देऊ. मग ती खूण नव्हती, साधी चोरी होती, आणि चोरीचा माल तुमच्या गोठ्यात सापडला. तसं मंत्रीसाहेबांना सांगते. पण धनी, ही सगळी माणसं तुमची आहेत ती रीतीनेच. दुसरं काही कारण नाही. त्यातली एक रीत आज तुम्ही यांच्यासमोर मोडलीत, तर बाकीच्या कशाला टिकतील?"

आता कुणी हसत नव्हतं. शेतावरची सगळी माणसं धन्याकडे बघत होती. डॉन एव्हारिस्तोंनी त्या सगळ्यांकडे पाहिलं आणि खुर्ची नसतानाही बसल्यासारखे झाले.

"माग," ते कासिमिरोला म्हणाले.

६

काय मागणार ते सगळ्यांना माहीत होतं. पेत्रोनिलालाही. हे सगळं तिने त्यासाठीच जुळवून आणलं होतं. आता इंजिन मोडो, रूळ उखडो, सूर्य बुडो, पोरगा सुटला.

कासिमिरोने घसा साफ केला. "धनी, फेलिसावरचा हक्क सोडा."

"अरे!" निकानोर कळवळून ओरडला. "आधी स्वतःला माग, गाढवा! आणि मी तोरिब्योला हसत होतो!"

एकच मागणं होतं, आणि ते संपलं. सूर्य डोक्यावरून कलला होता.

डॉन एव्हारिस्तो आधी चकित झाले, मग खुशीत आले. "दिली! ऐकलंत सगळ्यांनी? फेलिसा मोकळी! आणि हा शहाणा माझाच राहिला!" मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "थांब. माझा रस्सा कोण करणार?"

"ते तुम्ही बघा, धनी," कासिमिरो म्हणाला. "माझं मला मोरेना देईल. माझ्यासाठी कायदा आहे. हिच्यासाठी कुठलाच नव्हता."

मग त्याने बायकोचा हात धरला आणि दोघं शेडकडे पळाली. पेत्रोनिलाने डोळ्यांना पदर लावला, स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि घागरा वर खोचून मागोमाग पळाली.

साहेबांनी शिट्टी बसवलीच होती. कासिमिरोने पान्याने ती आवळली, भट्टीत कोळसा लोटला आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसला. काटा काही केल्या चढेना. फेलिसाने बाह्या सरसावून फावडं घेतलं, मग निकानोरनेही घेतलं, शिव्या देत देत. शेवटी मोरेनाने एक मोठा उसासा टाकला, चाकं जराशी घसरली, धरली, आणि ती निघाली. वाटेत शिट्टीची साखळी ओढायचं काम फेलिसाकडे दिलं होतं, आणि ती सोडायचं नाव घेत नव्हती. डोंगर नुसते घुमत होते. कोकरं, मेंढ्या, निकानोरची खेचरं, सगळं रान चौखूर उधळलं. मागच्या डब्यात पेत्रोनिला कानांवर हात ठेवून गदागदा हसत होती.

रिओसेकोच्या फलाटावर मंत्रीसाहेबांनी खुर्ची सोडून बग्गीत एक पाय ठेवलाच होता. सूर्य डोंगराच्या कडेला टेकला होता, पण बुडाला नव्हता. पिकरिंगसाहेबांनी तो सगळ्यांना बोटाने दाखवला, न जाणो कुणी नाकबूल करील म्हणून.

मंत्रीसाहेब परत आले. त्यांनी कासिमिरोचा काळा हात आपल्या पांढऱ्या हातमोज्यात घेऊन हलवला आणि म्हणाले, आजपासून तू राष्ट्राचा. मग त्यांची नजर शेजारी उभ्या असलेल्या, काजळीने माखलेल्या बाईकडे गेली. आल्तामार्कात माणूस भेटला की नाव विचारत नाहीत. कुणाचा, ते विचारतात.

"आणि ही कुणाची?"

फेलिसाने सवयीने तोंड उघडलं. व्हिल्यारोयांचं नाव जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं.

"फेलिसा," ती म्हणाली.

"हो, पण कुणाची गं?" मंत्र्यांचा चिटणीस वाकून समजुतीने म्हणाला.

कासिमिरो मोठ्या प्रेमाने काहीतरी सांगायला पुढे सरसावला. पेत्रोनिलाने त्याला मागून असा सणसणीत चिमटा काढला की तो बोलायचंच विसरला.

"कुणाची नाही. नुसती फेलिसा," फेलिसाच म्हणाली. आणि चिटणिसाला कळलं नसेल म्हणून तिने ते पुन्हा एकदा, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.